गप्प लेकीचा लाकडी पाय

मी बोलतेय खरी, पण मला तोंड नाही. डोकंच नाही, तर तोंड कुठून असणार? मान जिथे संपते तिथे एक कापडी बटण शिवलेलं आहे, तेवढंच. डोकं नसताना बोलायचं म्हणजे आगाऊपणा झाला, हे कळतं मला. पण आजूबाजूला पाहिलं की या बाबतीत आपण अगदीच एकट्या नाही, एवढा धीर येतो.

मी शिवणकामाचा पुतळा. गळ्यापासून निम्म्या मांडीपर्यंत कागदाची, पोटात चिंध्या, वरून मळखाऊ रंगाचं कापड, आणि खाली एकच पाय, तोही लाकडी. वय वर्षं बारा. आज बारा, काल बारा, माझ्याबरोबरच्या पोरींना पोरं झाली तरी बाराच. बायका वय लपवतात म्हणून हसतात लोक; मला न लपवताच जमलं.

माझा जन्म झाला तो एका मुलीच्या वैतागातून.

जिने मला घडवलं तिला आता सगळे आजी म्हणतात, म्हणून मीही म्हणते. तेव्हा ती आजी नव्हती. रस्त्याकडेच्या खोलीत मशीन टाकून मुलामुलींचे कपडे शिवायची. तान्ह्यांचं सोपं, मोठ्यांचंही सोपं. तिची तारांबळ उडायची ती बाराच्या मापाशी. धड पोर नाही, धड बाई नाही, अशा अंगावर कापड बसवायचं म्हणजे वाहत्या पाण्यावर चादर अंथरायची. मग ती शाळेतून आलेल्या आपल्या लेकीला हाक मारायची, "जरा उभी राहा गं." ते 'जरा' संध्याकाळपर्यंत चालायचं. दुसऱ्यांच्या मुलींचे झगे हिच्या अंगावर, टाचण्या हिच्या बरगड्यांना.

एकदा लेक करवादली, "मी काय खुंटी आहे?"

"खुंटी बरी," आजी तोंडातल्या टाचण्या सांभाळत म्हणाली. "खुंटी हलत नाही आणि उलटून बोलत नाही."

बोलता बोलता तिचं तिलाच सुचलं. पुढच्या सुट्टीच्या दिवशी तिनं लेकीला जुना बनियन घातला, पातेलंभर खळ शिजवली, खाकी कागदाच्या पट्ट्या त्यात बुडवल्या आणि एकावर एक लेकीच्या अंगावर चिकटवत गेली. लेकीच्या उजव्या हातात गोष्टीचं पुस्तक होतं, म्हणून माझा उजवा खांदा अजून किंचित वर आहे. आणि कागद वाळेपर्यंत लेकीनं श्वास रोखून धरला होता. अधूनमधून चोरून घ्यायची, पुन्हा पोट आत ओढायची. का, ते मला पुष्कळ वर्षांनी कळलं. पण मी वाळले ती तशीच, श्वास रोखलेली. आजही आहे.

मग आजीनं पाठीवरून कात्री चालवली आणि शेंगेतून दाणा निघावा तशी लेक बाहेर पडून पळाली. उरले ती मी. माझी पाठ शिवली, पोटात चिंध्या ठासल्या. पायाचं काम शेजारच्या सुताराकडे गेलं. त्यानं मोडक्या टेबलाचा एक कातीव पाय आणला, लेकीच्या पायाला लावून पाहिला, गुडघ्यापाशी करवतीनं बारीक खूण केली आणि खालचा जास्तीचा चार बोटांचा ठोकळा कापून टाकला. टाकला म्हणजे, आजीच्या घरात काही टाकत नाहीत. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून तो दाराशी ठेवला.

"ही माझी गप्प लेक," आजी गिऱ्हाइकांना माझी ओळख करून द्यायची. "बोलणारी शाळेत गेलीये."

बोलणारीला मी मनातल्या मनात मूळप्रत म्हणते. मी तिच्यावरून उतरवलेली नक्कल. चांगलं अक्षर तिचं, डाग माझे. तिचा काळजीखोर स्वभावही माझ्यात उतरलाय की काय कोण जाणे. कुणी टाचणी हातात घेतली की आपलंच काहीतरी चुकलं असणार, असं मला आधी वाटतं.

दुकानातली ती वर्षं माझ्या भरभराटीची. बाराचं माप माझ्यावर कापायचं, त्यातून थोडं घटवलं की दहाचं, थोडं वाढवलं की चौदाचं. या गल्लीतल्या निम्म्या पोरींनी माझ्या खांद्यावरचे झगे घातलेत. आया यायच्या, कापड चिमटीत धरून बघायच्या आणि सगळ्या एकच वाक्य म्हणायच्या, "वाढत्या अंगाचं शिवा हं." मुलगी समोर, वाळलेल्या शेंगेसारखी, आणि आई तिच्या अंगापेक्षा दुप्पट अंगाचं कापड घेऊन उभी. मुलानं वाढावं म्हणून जीव टाकायचा आणि तो वाढला की "अगोबाई, केवढा झाला!" म्हणून दचकायचं. माणसांचं हे मला कधीच कळलं नाही.

हळूहळू एक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली. पूर्वी झग्याच्या खालचा दाब, म्हणजे आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड, दोन-तीन वर्षांनी उसवायला यायचा. पुढे वर्षाच्या आत यायला लागला. वरचा भाग नीट बसलेला, बाह्या ठीक, कंबर कंबरेवर; फक्त खाली पाय बाहेर. आजी दाब सोडायची, तोही पुरेनासा झाला की वेगळ्या रंगाची पट्टी जोडायची. "हल्लीची पोरं, बाई," ती म्हणायची, "खत घातल्यासारखी वाढतात." पण माझ्या पायाला तिनं हात लावला नाही. स्वतःच्या लेकीवरून घेतलेलं माप चुकीचं कसं असेल? दोष असलाच तर जगाचा.

दरम्यान मूळप्रत शिकली, पुस्तकं छापणाऱ्यांकडे मुद्रितं तपासायला लागली. छापायच्या आधी पानातल्या चुका शोधायच्या, हे तिचं काम. कामात ती इतकी तरबेज झाली की ते घरीही तिच्या मागोमाग यायला लागलं. चहाच्या डब्यावरची चूक दिसली की तिला चहा गोड लागत नसे. अशा बाईला मुलगी झाली.

मुलगी जन्मली तेव्हा एवढीशी होती, म्हणून आईनं कौतुकानं नाव ठेवलं टिंबू. आणि तेव्हापासून मूळप्रत त्या टिंबाकडे छपाईला जायच्या पानासारखी बघत आलेली आहे. दात उशिरा आला, चूक. दुसरा लवकर आला, तीही चूक. "बरोबर कधी येईल मग?" असं टिंबूच्या बापानं विचारलं होतं म्हणे, त्या दिवशी त्याला स्वतःचा चहा स्वतः करावा लागला.

आमच्या घरात एक रीत पडली होती. टिंबूच्या वाढदिवसाला तिला माझ्याशेजारी उभं करायचं. भिंतीवर रेघा नाहीत, टेप नाही, माझ्या पाठीला पाठ लावायची आणि आजीनं म्हणायचं, "गाठलंस का मावशीला?" मावशी म्हणजे मी. सुरुवातीला टिंबू माझ्या लाकडी पायाला मिठी मारून उभी राहायची. मग कंबरेला आली, मग बगलेला. तेव्हा सगळे टाळ्या वाजवायचे, आणि मीही, हात असते तर.

दहाव्या वाढदिवसाला तिनं माझा खांदा गाठला.

"लवकर नाही ना हे?" मूळप्रत म्हणाली.

"गाडी चुकवण्यापेक्षा लवकर बरं," आजी म्हणाली.

मूळप्रत हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती, मग टिंबूकडे, मग पुन्हा माझ्याकडे. दोन प्रती शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघावी, तशी.

बारा पूर्ण झाली त्या दिवशी टिंबूचा खांदा माझ्या खांद्याच्या चांगला वर गेला होता. तेवढंच असतं तर निभावलं असतं. पण तिची कंबरही माझ्या कंबरेच्या वर होती, आणि गुडघा माझ्या लाकडावरच्या खुणेच्या वर. म्हणजे वरून खालपर्यंत सगळीच ओळ सरकलेली. मूळप्रतीच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं ते छापून आलेल्या पुस्तकात मोठी चूक सापडल्यावर दिसतं.

"हिचे पाय..." एवढंच म्हणाली आणि थांबली.

टिंबूनं खाली आपल्या पायांकडे पाहिलं. जणू ते तिथे कुणीतरी विसरून गेलं होतं.

त्याच सुमारास शाळेत नाटक बसत होतं. समुद्रातल्या खडकावरचा दिवा सांभाळणारी एक एकटी मुलगी, वादळात वाट चुकलेल्या जहाजाला वाट दाखवते, असं काहीतरी. ती मुलगी टिंबू होणार होती. घरभर दिवा धरल्यासारखा हात उंचावून फिरायची, "इकडे! इकडे वळा!" ओरडायची, आणि पंख्याला हात लागेल म्हणून मूळप्रत "अगं, अगं!" करत मागे फिरायची.

आजीनं ठरवलं, नातीला अचानक खूश करायचं. दिवेवालीचा घोट्यापर्यंत लांब, जाड कापडाचा निळा कोट. माप कशाला घ्यायचं? मुलगी बाराची, पुतळा बाराचा, हिशेब सरळ. तिनं तो कोट माझ्या अंगावर बेतला, माझ्या घोट्यापर्यंत (म्हणजे जिथे घोटा असता तिथपर्यंत) खाली सोडला, अस्तर लावलं, काजं केली. इतका देखणा कोट मी कधी घातला नव्हता.

टिंबूनं तो घातला. खांदे नेटके बसले. कंबर कंबरेवर. बटणं सुरळीत लागली. आणि खाली घोट्याच्या वर चांगली चार बोटं उघडी. पुराच्या पाण्यातून चालत आल्यासारखी दिसत होती.

"आई, हा आखूड झाला," मूळप्रत म्हणाली.

"आखूड कसा होईल? खांदा बघ. कंबर बघ. तोळ्यामाशाचा फरक नाही." आजीच्या हाताला कुणी नाव ठेवलं की तिची जीभ हातापुढे धावते. "माझं माप चुकत नाही. पोरीचंच काहीतरी चुकलंय!"

आणि ती स्वतःच्याच विनोदावर खळखळून हसली. तिच्या मनात काही नव्हतं, मी शपथेवर सांगते. पण विनोद हवेत असतानाच मूळप्रतीनं तो गंभीरपणे झेलला, आणि टिंबूनं आईचा चेहरा पाहिला. आजीचं हसणं पोर केव्हाच विसरली असती. आईचा चेहरा नाही विसरली.

मूळप्रत तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. परत आल्यावर आजीला सगळं सांगत होती. मी कोपऱ्यात होतेच.

"त्या म्हणाल्या, मुलगी ठणठणीत आहे."

"मग झालं तर."

"म्हणाल्या, हल्लीची पुष्कळ मुलं अशीच असतात. पाय लवकर वाढतात, आईबापांपेक्षा लांब होतात."

"मग झालंच तर!"

"आई, 'अशीच' म्हणजे कशी? मी विचारलं तर त्या हसल्या."

"हसल्या ना? आजारी माणसाकडे बघून डॉक्टर हसतात का?"

"हसल्या म्हणूनच तर काळजी वाटते. नीट बघितलं असतं तर हसल्या असत्या का?" मूळप्रत बोटांची पेरं मोडत म्हणाली. "मला कळतंय मी वेड्यासारखं करतेय. पण माझं ना, कळतं पण वळत नाही. धड बाराचं आणि पाय चौदाचे. दोन वेगळ्या पुस्तकांची पानं एकत्र शिवल्यासारखी दिसते माझी मुलगी मला. आणि जिला असं दिसतं ती कसली गं आई?"

दाराशी टिंबू उभी होती. दप्तर अजून पाठीवर होतं. आजीला दिसली नाही, मूळप्रतीला दिसली नाही. मला दिसली, पण मी गप्प लेक.

त्या दिवसापासून टिंबू वाकायला लागली. आधी चालताना मान खाली, मग खांदे पुढे, मग पाठीला पोक. खुर्चीवर बसली तर पाय पोटाशी घेऊन, जणू घडी करून ठेवले की कुणाला दिसणार नाहीत. उद्गारचिन्हासारखी पोर, तिचं बघता बघता प्रश्नचिन्ह झालं. मूळप्रत म्हणायची, "सरळ बस," आणि त्याच दमात पायांकडे बघायची. मग सरळ कोण बसेल?

एका दुपारी टिंबू माझ्या शेजारी फरशीवर बसून बिस्किट खात होती. मूळप्रत कोटाच्या खाली जोडायला पट्टी शोधत होती.

"नको शोधूस," टिंबू म्हणाली. "मी दिवेवाली नाहीये आता."

"म्हणजे?"

"मी बाईंना सांगितलं, मी पडदा ओढते. पडदा ओढायला कुणीतरी लागतंच ना."

"अगं पण का?"

"तिथे कोपऱ्यात उभं राहायचं असतं," टिंबू म्हणाली. "अंधार असतो. आणि कोट लागत नाही."

तिनं बिस्किट पुरतं खाल्लं, हात झटकले आणि वाकूनच आत गेली. मूळप्रत तिथेच उभी राहिली, हातात निळी पट्टी. मग माझ्याजवळ आली आणि माझ्या वर राहिलेल्या उजव्या खांद्यावर कपाळ टेकलं.

"तू सांग गं," ती हळूच म्हणाली. "तू तर मीच आहेस. तिच्यात चूक आहे की माझ्यात?"

वाटलं, ओरडून सांगावं. पण काय सांगणार? तोपर्यंत मलाही वाटत होतं की बरोबर मी, आणि चूक ती पोर. पुतळ्यालाही स्वतःचा अभिमान असतो, काय करता.

पुढच्या सुट्टीच्या सकाळी आजीनं जुनी पेटी उघडली. कोट वाया जाऊ द्यायचा नाही, झालर लावून दुसऱ्या कुणाला तरी होईल, म्हणून ती लेसचे तुकडे शोधत होती. तळाशी एक फिकट पिवळा झगा निघाला.

"अगोबाई! हा माझा," आजी म्हणाली. "माझ्या आईनं शिवलेला. मी बाराची होते तेव्हाचा."

"तू बाराची होतीस?" टिंबूनं विचारलं.

"नाही, मी डायरेक्ट म्हातारी जन्मले."

टिंबू कितीतरी दिवसांनी हसली. तिनं झगा उचलला, आपल्या अंगाला लावून पाहिला, मग काय मनात आलं कोण जाणे, उठून तो माझ्या गळ्यातून खाली सोडला. पाठीमागचे हूक लावले. झगा मला बसला. अगदी मऊ, म्हाताऱ्या हातासारखा.

"बरोबर बसला बघ," आजी खूश झाली. "खांदा खांद्यावर, कंबर कंबरेवर. माझ्या आईचं मापही चुकायचं नाही."

"पण खाली बघ," टिंबू म्हणाली.

झग्याची कड माझ्या गुडघ्याच्या खुणेच्या वरच थांबली होती. चांगली वर.

"खोटं!" आजी पुढे सरसावली. "हा माझे गुडघे झाकून खाली यायचा. गुडघा दिसला की शाळेतून घरी पाठवायचे आम्हाला. मी कधी घरी आले नाही."

"आटला असेल, आई," मूळप्रत म्हणाली.

"आटला? कापड भिजवल्याशिवाय कात्री लावली नाही गं माझ्या आईनं!"

"आणि आटला असता तर कंबरेलाही आटला असता ना," टिंबू म्हणाली. "तिथे तर नीट आहे." ती खाली बसून खुणेवर बोट ठेवून बघत होती. तिचं बोट खुणेवरून झग्याच्या कडेपर्यंत गेलं, परत खाली आलं. मग ती एकदम वर बघून म्हणाली, "आजी, तुझ्या मापानं तर आईचे पाय जास्त आहेत!"

मग ती आईकडे वळली.

"म्हणजे आई, तूसुद्धा चुकलेलीच होतीस!"

एवढं म्हणून तिला जे हसू सुटलं, ते आवरेना. फरशीवर लोळण घेतली पोरीनं. तिच्या हसण्याला आजीचं हसू लागलं. "खरंच की गं," ती डोळे पुसत म्हणाली. "हिला शाळेत शिडी म्हणायचे. आणि माझी आई तर हिला बघून रोज म्हणायची, 'केवढे ते पाय पोरीचे! हिला कापड पुरायचं नाही.'"

मूळप्रत मात्र हसत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, माझ्या आत ओढलेल्या पोटाकडे.

"मला आठवतंय," ती म्हणाली. "ही करत होतीस ना तू, कागद लावून? तेव्हा माझी आजी, तुझी आई, दारात उभी होती. तेच म्हणाली, 'कागद पुरायचा नाही हिला.' मी श्वास ओढून धरला होता. मला वाटलं, श्वास ओढून धरला की माणूस लहान होतं."

टिंबूचं हसणं थांबलं. ती उठून बसली. "मग झालीस?"

"नाही ना. ही काय, समोर उभी आहे पुरावा म्हणून."

दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. आई आणि मुलगी, आणि मध्ये मी. मग टिंबू उठली, दाराकडे गेली आणि दाराशी पडलेला ठोकळा घेऊन आली. माझ्याच पायाचा कापलेला तुकडा तो. इतकी वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायात येत होता. तिनं मला तिरकी केली, तो माझ्या पायाच्या बुडाखाली सरकवला आणि माझ्या पाठीला पाठ लावून उभी राहिली. सरळ. पोक नाही, काही नाही.

"बघ आता."

खांद्याला खांदा लागला. कंबरेला कंबर. आजीनं सवयीनं हात आडवा धरून पाहिलं, आणि तिचा हात आमच्या दोघींच्या डोक्यावरून (एकीच्या डोक्यावरून, एकीच्या बटणावरून) फिरून खाली आला.

"धड तेच," आजी पुटपुटली. "माझं, तुझं, हिचं. एकच. पाय तेवढे..." मग जी गोष्ट तिनं गल्लीतल्या कुठल्याच आईसमोर कबूल केली नव्हती ती म्हणाली, "माप जुनं झालं गं."

मूळप्रत खुर्ची ओढून बसली. "सगळ्यांना सांगत फिरते," ती म्हणाली, "नवी आवृत्ती जुन्या आवृत्तीवरून तपासू नका. कामावर पहिल्यांदा हेच शिकवतात. नाहीतर जे नवीन आहे ते सगळं चूक म्हणून खोडून बसाल. आणि मी काय केलं? माझ्या मुलीची पानं माझ्यावरून तपासत बसले!"

"किती चुका काढल्यास?" टिंबूनं विचारलं.

मूळप्रतीनं तिच्याकडे पाहिलं. आधी चेहऱ्याकडे, मग, मुद्दाम, पायांकडे, आणि पुन्हा चेहऱ्याकडे. "खोडल्या सगळ्या," ती म्हणाली. "इकडे ये."

सुंदर गोष्टीत यानंतर टिंबूला दिवेवाली परत मिळाली असती. मिळाली नाही. ते काम दुसऱ्या मुलीकडे गेलं होतं आणि तिचं पाठांतर झालं होतं. एकीचं परत घेऊन दुसरीला देणं टिंबूलाच पटलं नाही. तिनं पडदाच ओढला. पण आजीनं चार बोटं पट्टी जोडलेला निळा कोट घालून ओढला. पडदा जड होता, तो वरच्या कडीतच अडकला तेव्हा सगळे शिडी शोधायला धावले, आणि टिंबूनं टाचा उंचावून, हात वर करून तो सोडवला. मूळप्रत घरी येऊन आजीला ते तीनदा सांगत होती, आणि तीनही वेळा तिचा हात आपोआप वर जात होता, दिवा धरल्यासारखा. "शिडीची मुलगी," आजी म्हणाली. "शिडी कशाला शोधेल?"

परवा खोलीत पुन्हा खळ शिजली. तो वास मी जन्मात विसरणार नाही. टिंबू मधोमध उभी, अंगात बनियन, हातात फोन. म्हणजे माझ्या धाकटीचाही उजवा खांदा किंचित वर राहणार, ते घराण्यातच दिसतंय. आजी खुर्चीवरून हुकूम सोडत होती आणि पट्ट्या लावत होती मूळप्रत. बोटांना खळ, केसांना खळ. बरगड्यांपाशी येताच तिचे हात थांबले.

"श्वास रोखलायस का?"

"हलू नको म्हणालीस ना."

"हलू नको. पण श्वास घे गं. मोकळा घे, पोटभर. कागद लागेल तेवढा लागू दे, आणखी आणू."

चिंध्या मात्र नव्या आणल्या नाहीत. आजीच्या घरात काही टाकत नाहीत, हे मी सांगितलंच. धाकटी वाळली, तिला पाय मिळाला, आणि मग आजीनं मला आडवी घातली, पाठीची जुनी टीप उसवली आणि माझ्या पोटातल्या चिंध्या मूठमूठ काढून तिच्या पोटात भरल्या. त्यात या गल्लीतल्या किती पोरींच्या झग्यांचे तुकडे असतील. शेवटची मूठ निघाली तसं माझं ओढून धरलेलं पोट सैल झालं, आणि इतकी वर्षं कोंडून ठेवलेला तो बारा वर्षांच्या मुलीचा श्वास कुठे गेला, मला कळलंसुद्धा नाही. खोलीतली धूळ जरा हलली, इतकंच.

आता मी दारामागे असते, ठोकळ्यावर उभी. माझ्यावर छत्र्या, टोप्या, टिंबूचं दप्तर. हलकं वाटतं. धाकटी खिडकीपाशी दिमाखात उभी आहे आणि तिला अजून वाटतंय की बाराचं माप म्हणजे तीच. वाटू दे. उद्या कुणीतरी तिच्याशेजारीही उभं राहील. उंच असेल की ठेंगणं, लांब हातांचं की रुंद खांद्यांचं, मला काय ठाऊक? पुतळ्यांना फक्त मागचं दिसतं.

तुमच्याही घरात असेल कुणीतरी माझ्यासारखी. कागदाची नसेल कदाचित. एखादा जुना फोटो असेल, किंवा 'आमच्या वेळी' असं म्हणणारं कुणी. मुलांना जरूर उभं करा तिच्याशेजारी, गंमत म्हणून. टाळ्या वाजवा. पण मूल सरळ उभं राहिलंय ना, आणि श्वास घेतंय ना, एवढं आधी बघा. मग तिच्यावर आपली टोपी अडकवा आणि जेवायला बसा.

मला आता टोपीचं ओझं होत नाही.